कॉन्व्हेंटच्या दारातले मूल

विदर्भात ‘कॉन्व्हेंट’ या शब्दाला स्वतःचे असे एक वेगळे आयुष्य लाभले आहे. वर्धा, हिंगणघाट, आर्वी, पुलगाव यांपैकी कोणत्याही गावी चार वर्षांच्या मुलाबद्दल ‘तो कॉन्व्हेंटला जातो’ असे कोणी म्हणाले, तर त्याचा अर्थ इतकाच की तो केजी-वन किंवा केजी-टूमध्ये आहे. ती शाळा ख्रिस्ती धर्मभगिनींची असेलच असे नाही. गल्लीतल्या दोन खोल्या, भिंतीवर रंगवलेले ससे आणि दारावर इंग्रजी पाटी एवढ्यावरही तिला कॉन्व्हेंट म्हणतात. शब्दाचा मूळ अर्थ मात्र संन्यस्त स्त्रियांचा मठ असा आहे. जैन वाचकाला जवळचा शब्द सांगायचा तर साध्वींचा उपाश्रय. ज्या शब्दात त्याग, मौन आणि सेवा सामावलेली होती, त्या शब्दात आता टाय, बूट आणि इंग्रजी कविता येऊन बसल्या आहेत.

उन्हाळा सरून जूनच्या अखेरीस शाळा उघडू लागल्या की वर्ध्यातल्या अनेक जैन घरांत एकच चर्चा सुरू होते. आजीला वाटते, खऱ्या कॉन्व्हेंटमध्ये घातले तर नातू णमोकार विसरेल आणि येशूची गाणी म्हणू लागेल. वडिलांना वाटते, तिथे घातले नाही तर इंग्रजी कच्चे राहील आणि पुढची सगळी वाट अडेल. आईला डब्याची चिंता असते. शेजारच्या मुलाच्या डब्यात अंडे असेल, बटाट्याचे वेफर्स असतील, तेव्हा आपले लेकरू काय करील? तिन्ही चिंता खऱ्या आहेत. परंतु या तिघांच्या बोलण्यात एक प्रश्न सहसा येत नाही. ते मूल तिथे चार तास नेमके काय करणार आहे? त्याचे हात कशात गुंतलेले असतील?

या प्रश्नाचे एक जुने उत्तर खुद्द एका कॅथॉलिक मठात मिळते.

डॉ. मारिया माँटेसरी या इटलीतील आरंभीच्या स्त्री डॉक्टरांपैकी एक. ६ जानेवारी १९०७ रोजी रोममधील सॅन लोरेन्झो या गरीब वस्तीत त्यांनी मजुरांच्या लहान मुलांसाठी पहिले बालगृह उघडले. ते मठात नव्हते, कामगारांच्या चाळीत होते. पुढे २८ डिसेंबर १९०८ रोजी मेसिना शहर भूकंपाने उद्ध्वस्त झाले आणि अनाथ झालेली सुमारे साठ बालके रोममध्ये आणण्यात आली. त्यांना आसरा मिळाला तो व्हिया ज्युस्ती या रस्त्यावरील फ्रान्सिस्कन धर्मभगिनींच्या मठात. त्या मुलांचे नाव-गाव कोणाला ठाऊक नव्हते. भयाने ती मुकी झाली होती. ती धड खात नव्हती, धड झोपत नव्हती, रात्री किंचाळून उठत होती.

त्या मठात मुलांना उपदेश करून सावरण्याचा प्रयत्न झाला नाही. त्यांच्या उंचीची लहान टेबले-खुर्च्या आल्या, हाताला येतील अशी ठेंगणी कपाटे आली, रंगीत पडदे आले, फुलदाण्या आल्या. जेवणाची खरी भांडी त्यांच्या हाती सोपवण्यात आली. टेबल मांडणे, वाढणे, पुसणे, फुलांची निगा राखणे ही कामे मुले स्वतः करू लागली. हळूहळू त्यांना भूक लागू लागली, झोप लागू लागली आणि काही काळाने त्या मठाच्या बागेत पळण्या-हसण्याचे आवाज येऊ लागले. माँटेसरींनी पुढे आपल्या लेखनात हा अनुभव आवर्जून नोंदवला आहे. लहान मूल शब्दांनी सावरत नाही, ते हातांनी सावरते, हा त्याचा अर्थ.

मोठ्यांच्या दृष्टीने काम आणि खेळ या दोन विरुद्ध गोष्टी आहेत. तीन वर्षांच्या मुलाला हा भेद ठाऊक नसतो. तांब्यातले पाणी पेल्यात ओतणे, ते पुन्हा तांब्यात ओतणे, मग पुन्हा पेल्यात, असे ते वीस वेळा करते. घरच्यांना वाटते, पाणी सांडण्याचा खेळ चालला आहे. वस्तुतः त्या वेळी त्याचे डोळे आणि मनगट एकमेकांशी बोलायला शिकत असतात. किती वाकवले की किती धार पडते, कुठे थांबायचे, हे त्याचे ते शोधत असते. माँटेसरी बालगृहातील आरंभीचे पाठ असेच आहेत. खुर्ची आवाज न करता उचलावी आणि तशीच ठेवावी. जमिनीवर आखलेल्या रेषेवरून पाऊल सांभाळत चालावे. काचेचा पेला न सांडता एका टोकाहून दुसऱ्या टोकाला न्यावा. पेला मुद्दाम काचेचा, कारण निष्काळजीपणाने तो फुटतो आणि ते शिक्षकाने सांगावे लागत नाही.

जैन वाचकाला या पाठांत काहीतरी ओळखीचे वाटेल. साधुजीवनाच्या पाच समितींमध्ये पहिली ईर्या समिती. चालताना पुढची भूमी पाहून, जीवाला इजा न होईल असे पाऊल टाकणे. चौथी आदान-निक्षेपण समिती. कोणतीही वस्तू उचलताना आणि ठेवताना नीट पाहून, जपून उचलणे-ठेवणे. श्रावकाच्या घरी याच भावाला जयणा म्हणतात. दोहोंचे प्रयोजन एक नाही, हे स्पष्ट ठेवले पाहिजे. समितींचा मार्ग संवराचा आणि मोक्षाचा आहे, तर माँटेसरींचा प्रयत्न बालकाच्या विकासाचा होता. तथापि ज्या मुलाने वयाच्या चौथ्या वर्षी खुर्ची जपून ठेवायला शिकले, त्याला पुढे जयणेचा अर्थ सांगताना फार शब्द लागणार नाहीत. त्याच्या हातांना तो आधीच कळलेला असेल.

दुसरे उदाहरण मौनाचे. माँटेसरी एकदा चार महिन्यांचे तान्हे बाळ घेऊन वर्गात आल्या. बाळ किती शांत आहे, त्याचा श्वास किती हलका आहे, तेवढे शांत कोणाला होता येईल का, असे त्यांनी मुलांना गमतीने विचारले. मुले खरोखरच स्तब्ध झाली. मग भिंतीवरच्या घड्याळाची टिकटिक ऐकू येऊ लागली. यातूनच ‘मौनाचा खेळ’ जन्माला आला. मुले डोळे मिटून बसतात, शेजारच्या खोलीतून शिक्षिका प्रत्येकाचे नाव कुजबुजत्या स्वरात घेते आणि नाव ऐकलेले मूल पावलांचा आवाज न करता तिच्याकडे जाते. शेवटच्या मुलालाही आपली पाळी येईपर्यंत धीर धरावा लागतो. अठ्ठेचाळीस मिनिटांचे सामायिक मोठ्यांनाही जड जाते. वचनगुप्ती आणि कायगुप्ती हे शब्द मुलांना पाठ करवले जातात, त्यांचा अनुभव मात्र क्वचितच दिला जातो. शिक्षेचे मौन आणि खेळातले मौन यांत केवढे अंतर आहे, हे त्या छोट्याशा खेळात दिसते. ‘गप्प बस’ म्हटल्याने मूल गप्प होते, शांत होत नाही.

आता आजीच्या शंकेकडे यावे लागते. ती शंका निराधार नाही. माँटेसरी श्रद्धावान कॅथॉलिक होत्या आणि त्यांनी ते कधी लपवले नाही. स्पेनमधील बार्सिलोना येथे त्यांच्या पद्धतीने कॅथॉलिक मुलांना त्यांच्या धर्माची ओळख करून देण्याचे प्रयोग झाले. लहान वेदी, लहान पात्रे, मुलांच्या हाती देता येतील अशी पूजेची उपकरणे तयार झाली. कॅथॉलिक शाळेत क्रूस असेल, मेरीमातेची मूर्ती असेल, डिसेंबरात गोठ्याचा देखावाही असेल. ती शाळा ज्यांनी उभारली त्यांची ती श्रद्धा आहे. अल्पसंख्याकांना आपल्या शिक्षणसंस्था स्थापण्याचा आणि चालवण्याचा अधिकार संविधानाच्या कलम ३० ने दिला आहे. राष्ट्रीय पातळीवर अल्पसंख्याक म्हणून २०१४ मध्ये मान्यता मिळालेला जैन समाजही त्याच अधिकाराचा धनी आहे.

पण त्याच संविधानात कलम २८ही आहे. शासनमान्य किंवा अनुदानित शाळेत कोणत्याही विद्यार्थ्याला, तो अज्ञान असेल तर पालकाच्या संमतीवाचून, धार्मिक शिक्षणात वा उपासनेत सहभागी होण्यास भाग पाडता येत नाही. स्वतः कॅथॉलिक चर्चनेही दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेत, डिसेंबर १९६५ मध्ये, धर्मस्वातंत्र्याची घोषणा करताना श्रद्धेच्या बाबतीत सक्ती असू नये आणि मुलांच्या धार्मिक शिक्षणाचा निर्णय पालकांचा आहे, असे मान्य केले आहे. म्हणून प्रवेशाच्या वेळी मुख्याध्यापिकेला सौम्यपणे आणि सरळ विचारण्यात काहीच गैर नाही. सकाळची प्रार्थना कोणती? धर्माचा तास आणि नीतिशिक्षणाचा तास वेगळे आहेत का? वाढदिवसाला केक आला तर अंड्याविना पर्याय चालेल का? डबा वाटून खाताना कंदमूळ न खाणाऱ्या मुलाला कोणी हसणार नाही, एवढे शिक्षिका पाहतील का? जिच्या स्वतःच्या जीवनात उपवास आणि व्रते आहेत, त्या धर्मभगिनीला हे प्रश्न विचित्र वाटण्याचे कारण नाही.

वर्धा जिल्ह्याला तर या बाबतीत एक थोर उदाहरण घरातच लाभले आहे. पवनारच्या विनोबांनी ‘ख्रिस्तधर्म-सार’ संकलित केले. त्याच विनोबांच्या आग्रहातून जैनांच्या सर्व संप्रदायांना मान्य असा ‘समणसुत्तं’ हा ग्रंथ, भगवान महावीरांच्या पंचविसाव्या निर्वाण शताब्दीच्या काळात, सिद्ध झाला. एकाच माणसाच्या मनात दोन धर्मांचे सार नांदले आणि एकाने दुसऱ्याला ढकलले नाही. अनेकान्त हा शब्द पाठशाळेत शिकवला जातो. धाम नदीच्या काठी तो जगून दाखवला गेला.

मुलाच्या धर्माचे रक्षण शाळा करत नाही, घर करते. संध्याकाळी आजीजवळ बसून णमोकार म्हणणारे मूल सकाळी दुसरी प्रार्थना ऐकून काही विसरत नाही. जिथे घरी कोणी बसतच नाही, तिथे शाळा बदलून उपयोग नाही.

आता वडिलांची चिंता आणि तिच्यासंबंधी वर्ध्याने जगाला दिलेले उत्तर. २८ ऑक्टोबर १९३१ रोजी गोलमेज परिषदेच्या निमित्ताने लंडनमध्ये असलेले गांधीजी माँटेसरी प्रशिक्षण महाविद्यालयात गेले. स्वतः माँटेसरी तिथे उपस्थित होत्या. जगात खरी शांतता हवी असेल तर सुरुवात मुलांपासून करावी लागेल, असे गांधीजींनी तिथे सांगितले. पण त्याचबरोबर आणखी एक गोष्ट त्यांनी आशेच्या रूपात मांडली. असे शिक्षण केवळ श्रीमंतांच्या नव्हे, तर अतिदरिद्री मुलांनाही मिळावे. माँटेसरींची लाकडी साधने सुंदर होती, परंतु महाग होती. शेगावच्या झोपडीत ती पोहोचणार कशी?

ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्ध्याच्या मारवाडी विद्यालयात शिक्षण परिषद भरली आणि तिच्यातून झाकिर हुसेन समितीची नई तालीमची योजना आकाराला आली. ती योजना सात ते चौदा वर्षांच्या मुलांसाठी होती. सातच्या आतले मूल तिच्याबाहेर राहिले. पुढे १९४५ मध्ये सेवाग्रामला नई तालीमचा विस्तार जन्मापासून मृत्यूपर्यंत करण्यात आला आणि ‘पूर्व-बुनियादी’ हा टप्पा तिच्यात आला. आर्यनायकम दांपत्याच्या नेतृत्वाखालील हिंदुस्तानी तालीमी संघात शांता नारुळकर यांनी सेवाग्रामच्या लहान मुलांसाठी जे काम केले, त्यात साधने बाजारातून आली नाहीत. माती, बिया, पाने, दोरा, मडकी, झाडू, पाणी आणि वर्ध्याच्या काळ्या जमिनीतला कापूस हीच साधने. मुलाचे हातपाय स्वच्छ करणे, अंगण झाडणे, कापसातून कचरा वेचणे, बिया रंगाप्रमाणे आणि आकाराप्रमाणे लावणे, गाणे, गोष्ट आणि मोकळे खेळणे. बोटांना हवी असलेली कसरत सागवानी ठोकळ्याइतकीच सरकीच्या दाण्यातही आहे, हे सेवाग्रामने दाखवले.

या कामात धर्माच्या भिंती आड आल्या नाहीत, हेही ध्यानात घ्यावे. मगनवाडीत ग्रामोद्योगाचे कार्य उभे करणारे जे. सी. कुमारप्पा ख्रिस्ती होते. १९४९ पासून सेवाग्रामला शिक्षक घडवणाऱ्या मार्जरी साइक्स क्वेकर होत्या. इकडे महाराष्ट्राच्या दुसऱ्या टोकाला, १९४५ मध्येच, ताराबाई मोडक यांनी बोर्डीला ग्रामीण बालशिक्षणाचे केंद्र सुरू केले आणि अनुताई वाघ यांच्या साथीने माँटेसरींची दृष्टी अंगणात, शिंपल्यांत आणि पानाफुलांत आणून ठेवली. ताराबाईंनी भावनगरला गिजुभाई बधेका यांच्यासोबत काम केले होते. त्यांच्या आयुष्याची काही वर्षे विदर्भात, अमरावतीला गेली होती. माँटेसरी स्वतः नोव्हेंबर १९३९ मध्ये भारतात आल्या आणि युद्धामुळे अनेक वर्षे इथेच राहिल्या. इटली युद्धात उतरल्यावर त्यांचे पुत्र मारिओ यांना काही काळ अहमदनगरच्या छावणीत स्थानबद्ध करण्यात आले होते. एका कॅथॉलिक स्त्रीचा विचार अशा रीतीने मराठी अंगणात रुजला आणि तिथल्या मातीचा झाला. आज सेवाग्रामला ‘आनंद निकेतन’ ही शाळा बालवाडीपासून त्याच वाटेने, मराठी माध्यमातून चालते आहे.

मग चार वर्षांच्या मुलाच्या वहीत चार रेघांमधले ए-बी-सी-डी पानेच्या पाने का असते? त्याला गृहपाठ कशासाठी? या वयात मनगटातली लहान हाडे पुरती घडलेली नसतात. बोटांत पेन्सिल धरण्याचे बळ मातीकाम, वेचणे, ओतणे, कापणे, गाठी मारणे यांतून यावे लागते. ते येण्याआधी लिहायला लावले की मूल पेन्सिल मुठीत आवळते, कागद फाटतो आणि पहिला धडा मिळतो तो भीतीचा. प्राध्यापक यशपाल यांच्या समितीने १९९३ मध्येच बालवर्गाच्या प्रवेशासाठी होणाऱ्या परीक्षा-मुलाखती बंद कराव्यात, असे सुचवले होते. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने तीन ते आठ ही वर्षे पायाभूत टप्पा म्हणून स्वीकारली. त्यासाठी २०२२ मध्ये आलेल्या आराखड्यात खेळ हेच शिकण्याचे मुख्य साधन मानले असून मातृभाषेवर भर दिला आहे. इंग्रजी येण्यासाठी आधी एक भाषा घट्ट यावी लागते. ज्याने मराठीत, गुजरातीत वा मारवाडीत खूप ऐकले, खूप विचारले, भरपूर सांगितले, त्याला इंग्रजी उशिरा येईल पण येईल. ज्याला कोणतीच भाषा पोटभर मिळाली नाही, तो दोन्हींत अर्धा राहतो.

तेव्हा शाळेच्या दारात उभे राहिल्यावर पाटीवरचे नाव वाचून परतू नये. वर्ग चालू असताना आत जाऊन पाहण्याची परवानगी मागावी. कपाटे मुलांच्या हाताला पोहोचतात की वस्तू शोभेसाठी वर ठेवल्या आहेत? खाली काही सांडले तर शिक्षिका ओरडते की फडके देते? तासाभरात मुले किती वेळा उठली, किती वेळा हसली? वाळू, पाणी, माती यांना तिथे जागा आहे का? धर्मभगिनींच्या शाळेत हे सर्व असेल तर ती शाळा चांगली. जैन संस्थेच्या शाळेत ते नसेल तर णमोकाराची फ्रेम लावल्याने ती चांगली ठरत नाही.

हा शेवटचा मुद्दा समाजाने स्वतःला विचारण्याजोगा आहे. १९१८ मध्ये कारंजाला महावीर ब्रह्मचर्याश्रम उभा राहिला, पुढे बाहुबलीचे गुरुकुल झाले. मोठ्या मुलांसाठी समाजाने पुष्कळ केले. तीन ते सहा या वयासाठी काय केले? पाठशाळेत लहानग्यांना ओळीत बसवून स्तोत्रे पाठ करवली जातात, चुकले की पुन्हा म्हणवली जातात, पाठ झाले की बक्षीस दिले जाते. त्याऐवजी त्यांच्या उंचीचा पाट, लहान ताट, मूठभर तांदूळ दिले आणि ‘साथिया तू काढ’ म्हटले तर? वाकडा येईल. उद्या कमी वाकडा येईल. चार पाकळ्यांच्या चार गती आणि वरचे तीन ठिपके यांचा अर्थ ते एक दिवस आपणहून विचारील आणि तो दिवस पाठांतराच्या शंभर दिवसांच्या तोडीचा असेल.

आणि यासाठी शाळेची वाट पाहण्याचेही कारण नाही. अजूनही अनेक जैन घरांत सकाळी पाणी गाळले जाते. माठाच्या तोंडावर दुहेरी गरणे बांधले जाते, धार हळू सोडली जाते, उरलेले जिवाणीचे थेंब जपून परत पोहोचवले जातात. त्या वेळी नातू मध्ये लुडबुडतो म्हणून त्याला दूर केले जाते. त्याला दूर करू नये. त्याच्या हातात मावेल असा छोटा तांब्या त्याला द्यावा. पाणी थोडे सांडेल, ओटा ओला होईल, पाच मिनिटांच्या कामाला पंधरा मिनिटे लागतील. पण व्हिया ज्युस्तीच्या मठातील मुलांनी जे हातांनी शिकले, सेवाग्रामच्या अंगणातल्या मुलांनी जे कापूस वेचताना शिकले, तेच ते मूल तिथे शिकत असेल. मग ते गणवेश घालून कोणत्याही कॉन्व्हेंटला गेले, तरी आजीने काळजी करू नये.